निर्वासितांची झोप

निर्वासिताला निवारा, अन्न व कागदपत्रे मिळाली की त्याचे दुःख सरले, असा आपला समज असतो. कंबोडियाच्या निर्वासितांचा अनुभव मात्र निराळा आहे.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. जानेवारी १९७९ पर्यंतच्या त्यांच्या राजवटीत उपासमार, सक्तीची मजुरी, रोगराई आणि कत्तल यांत अंदाजे १५ ते २० लाख माणसे मेली. वाचलेल्यांपैकी अनेकजण थायलंडमधील छावण्यांतून अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे त्यांची मोठी वस्ती झाली. तेथील प्रौढ निर्वासितांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. पुनर्वसनाला दोन दशके लोटूनही त्यांच्यातील ६२ टक्के लोकांत आघातोत्तर मनोविकार आढळला. दुःस्वप्ने आणि निद्रानाश ही या विकाराची ठळक लक्षणे होत.

असे का होते? धोक्याच्या काळात मेंदू शरीराला सतत सावध ठेवतो. धोका टळला तरी हा पहारा उठत नाही. झोप उथळ राहते, बारीकशा आवाजानेही मोडते. त्यात नव्या देशाच्या चिंतांची भर पडते : परकी भाषा, घरभाडे, रात्रपाळी, मागे राहिलेल्या नातलगांची काळजी.

अशा मोडक्या झोपेत आणखी एक प्रकार घडतो. स्वप्ने पडतात त्या झोपेत आपले स्नायू जखडलेले असतात. कधी मन आधी जागे होते, पण शरीर हलत नाही. छातीवर कोणी बसले आहे, असे वाटते. आपल्याकडे याला भुताने दाबले म्हणतात. ख्मेर भाषेतही याच अर्थाचा शब्द आहे. ज्यांच्या आप्तांचे अंत्यविधीसुद्धा होऊ शकले नाहीत, त्यांना तो मृताचा आत्मा वाटतो. या भीतीने पुढची रात्रही जागण्यात जाते. वस्तुतः हा प्रकार थोड्याच वेळात ओसरतो आणि स्वतः घातक नसतो. एवढे नीट समजले तरी भीती पुष्कळ कमी होते.

दुःस्वप्ने व निद्रानाश यांवर मानसोपचाराने आराम पडू शकतो. उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे, सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळणे यांचाही उपयोग होतो. तथापि, कामधंदा व राहण्याची शाश्वती नसेल तर केवळ गोळ्यांनी भागत नाही.

समाजकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच विस्थापित माणसाला 'जेवलात का?' याबरोबर 'झोप लागते का?' हेही विचारावे. न झोपणारा माणूस दुबळ्या मनाचा नसतो. त्याचे शरीर अजून पहाऱ्यावर असते.