वाळूखालची जमीनदारी आणि हातातला नकाशा

इ. स. १६९५ साली अलेक्झांडर किनेर्ड नावाच्या एका जमीनदाराने स्कॉटलंडच्या पार्लमेंटापुढे अर्ज गुदरला. अर्जाचा मतलब एवढाच, की समुद्रकाठच्या आपल्या कल्बिन नामक जमीनदारीतील उत्तम पिकाऊ शेते वाळूखाली गडप झाली आहेत, सबब शेतसाऱ्याची माफी व्हावी. ज्या मुलखाला लोक मोरे प्रांताचे धान्याचे कोठार म्हणत, त्याच्या धन्यावर ही पाळी आली होती. १६९४च्या शरद ऋतूत एका रात्रीच्या वादळाने सारे गिळले, अशी दंतकथा आहे. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की वाळूचे आक्रमण पुष्कळ आधीपासून चालू होते आणि त्या वादळाने फक्त शेवटचा घाव घातला. वाळू धरून ठेवणारे किनाऱ्यावरचे गवत लोक घरे शाकारण्यासाठी उपटून नेत असत; ते उपटू नये असा कायदा पार्लमेंटाने अर्जाच्याच वर्षी केला खरा, परंतु कल्बिनच्या दृष्टीने तो वरातीमागून घोडे अशातलाच प्रकार झाला.

मोरे हे नाव वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जावळीचे खोरे उभे राहिले, तर त्यात नवल नाही. परंतु हा मोरे प्रांत स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, त्याच नावाच्या आखाताच्या दक्षिणेस पसरलेला असून तेथील लोक त्याचा उच्चार ‘मरी’ असा करतात. ज्या कल्बिनच्या जमिनीने आपल्या धन्याच्या दप्तराला हरताळ फासला, त्याच जमिनीवर आता पाइन वृक्षांचे विस्तीर्ण अरण्य उभे आहे आणि त्या अरण्यात हाती नकाशा व होकायंत्र घेऊन धावणाऱ्यांच्या शर्यती भरतात. या शर्यतींना जोडून किनाऱ्यावरची पदयात्रा आणि स्थलदर्शन यांचा एकत्र बेत केला, तर सुटीचे आठ-दहा दिवस किती भरगच्च होतात, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

या खेळाचे नाव ओरिएंटिअरिंग. त्याचा जन्म स्कँडिनेव्हियात, लष्करी शिक्षणाच्या कुशीत झाला. १८८६ साली स्वीडनच्या लष्करी विद्यालयात हा शब्द प्रथम वापरात आला आणि सर्वसामान्य नागरिकांना खुली असलेली पहिली शर्यत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. पुढे एर्न्स्ट किलांडर या स्वीडिश मेजरने तरुणांना मैदानाकडून रानाकडे वळवण्यासाठी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवून या खेळाला शिस्त लावली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ साली कोपनहेगन येथे स्थापन झाला. स्कॉटलंडने १९६२ साली डंकेल्ड येथे या खेळाचा श्रीगणेशा केला आणि त्यानंतर १९७६ साली एव्हीमोर येथे व १९९९ आणि २०१५ साली इन्व्हर्नेस परिसरात अशी तीनदा जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. यांपैकी २०१५च्या स्पर्धेतील काही शर्यती याच प्रांतातील फॉरेस गावच्या गल्ल्यांतून आणि डार्नवेच्या वनातून झाल्या होत्या.

खेळाचा नियम सांगण्यास सोपा आहे. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढऱ्या रंगाची त्रिकोणी निशाणे टांगलेली असतात. त्यांना आपण ठाणी म्हणू. ही ठाणी नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखवून त्यांना अनुक्रमांक दिलेले असतात, आणि स्पर्धकाने ती त्याच क्रमाने गाठून कमीत कमी वेळात अखेरच्या दुहेरी वर्तुळापर्यंत पोहोचावयाचे असते. दोन ठाण्यांमधला मार्ग कोणता घ्यावा, हे मात्र कोणी सांगत नाही. सरळ टेकडी चढून जावे की पायवाटेने वळसा घालावा, या एका प्रश्नाचा निवाडा दर काही मिनिटांनी, धापा टाकीत, स्वतःच्या जबाबदारीवर करावा लागतो; आणि म्हणूनच येथे वेगवान पायांचा तरणा गडी पुष्कळदा सावध डोक्याच्या साठीतल्या गृहस्थाच्या मागे राहतो.

या खेळाचा नकाशा आपल्या सर्व्हेच्या नकाशाहून निराळा असतो. त्याचे प्रमाण बहुधा दहा हजारास एक किंवा पंधरा हजारास एक असते. पहिल्या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. पांढरा भाग म्हणजे मोकळी जमीन, अशी आपली समजूत असते. येथे पांढरा म्हणजे विनाअडथळा धावता येईल असे जंगल, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, आणि पिवळा म्हणजे उघडे माळरान. उंचसखलपणा तपकिरी समोच्चरेषांनी, पाणी निळ्याने, खडक व मनुष्यनिर्मित वस्तू काळ्याने दाखवतात. एखादा मोठा धोंडा, पडीक भिंत किंवा हातभर खोल खड्डा यांचीही नोंद अशा नकाशात सापडते, आणि मोजणीदाराच्या नजरेतून काय सुटले नाही हे पाहण्याची गोडी एकदा लागली, की साध्या प्रवासी नकाशाने मनाचे समाधान होत नाही.

स्कॉटलंडमध्ये १९७७ सालापासून, सामान्यतः एक वर्षाआड, सहा दिवसांचा ओरिएंटिअरिंगचा उत्सव जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमारास भरतो. दर वेळी निराळा प्रांत निवडला जातो, आणि मोरेच्या किनाऱ्यालाही तो मान मिळालेला आहे. सहा दिवस, प्रत्येक दिवशी नवे रान, मध्ये एक विश्रांतीचा दिवस, आणि दहा वर्षांच्या मुलापासून ऐंशी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकासाठी वयोमानानुसार वेगळा मार्ग, अशी त्याची घडण असते. आपली धाव साधारण तासाभरात आटोपते. त्या अक्षांशावर त्या दिवसांत रात्री नऊनंतरही उजेड असल्यामुळे शर्यत संपवून, शिदोरी सोडून, आंघोळ करून निघाले, तरी अर्धा दिवस हाताशी उरतो. जो प्रवासी केवळ शर्यतीसाठी जातो तो हा अर्धा दिवस तंबूत झोपून घालवतो, आणि जो केवळ देखावे पाहण्यासाठी जातो त्याला सकाळची ती जाग लाभत नाही.

कल्बिनच्या रानातील एका ठाण्याचा शोध जरा जवळून पाहू. १९२०च्या दशकात वनखात्याने ही वाळू काबूत आणण्यास आरंभ केला. उघड्या टेकाडांवर झाडांच्या फांद्या अंथरून त्यांखाली वाळू दाबून धरली आणि त्यांच्या आश्रयाने कोर्सिकन व स्कॉच पाइनची रोपे लावली. आज वर शेवाळाचा मऊ गालिचा दिसतो, परंतु त्याखाली वाळूच्या लाटा जशाच्या तशा गोठून राहिल्या आहेत. समजा, सातवे ठाणे एका ‘लहान खळग्यात’ आहे, असे हातातील वर्णनपत्रिका सांगते. आणि नकाशाच्या त्या कोपऱ्यात पाहावे तर तपकिरी रेषांची अशी गुंतवळ, की तेथे एकसारखे दिसणारे खळगे डझनाने मोजावेत. नवशिका होकायंत्राच्या सुईवर भरवसा ठेवून सरळ सुटतो, पहिल्याच खळग्यात उतरतो, निशाण दिसत नाही म्हणून दुसऱ्यात उतरतो, आणि तिसऱ्यात पोहोचेपर्यंत आपण नकाशावर नेमके कोठे आहोत, याचा ठाव हरवून बसतो. मुरलेला स्पर्धक असे करीत नाही. तो नकाशा चतकोर घडी करून उत्तरेशी जुळवून धरतो, आपल्या स्थानावर अंगठा टेकवतो, आणि खळग्याकडे थेट न जाता आधी जवळची ठळक खूण गाठतो. दोन पायवाटांचा तिठा किंवा सर्वांत उंच टेकाडाचे टोक. तेथे क्षणभर थांबून, दिशा घेऊन, पावले मोजीत तो शेवटचे साठ-सत्तर मीटर चालतो. निशाण दिसताच त्यावरचा सांकेतिक क्रमांक पत्रिकेशी पडताळतो, बोटाला बांधलेली इलेक्ट्रॉनिक पट्टी यंत्रात घालतो, यंत्र टीक्‌ करते, आणि अंगठा पुढच्या वर्तुळाकडे सरकतो. ज्याला हे साधले त्याला पुढे सारी सहल निराळी दिसू लागते, कारण उतार, वळण आणि आडोसा यांकडे पाहण्याची सवय शर्यत संपल्यावर उतरत नाही.

ही सवय घेऊन किनाऱ्यावर यावे. फॉरेसपासून कलनपर्यंत सुमारे ८० किलोमीटरची खुणा लावलेली किनारवाट आहे. तिचे तीन-चार तुकडे करून दुपारच्या वेळी एकेक पुरा करणे सहज शक्य असते. त्यातला बर्गहेड ते लॉसीमथ हा टप्पा सर्वांत संपन्न. बर्गहेडच्या भूशिरावर पिक्ट नावाच्या प्राचीन लोकांचा भला मोठा दुर्ग होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवे गाव व बंदर बांधताना त्याचा बराच भाग नाहीसा झाला आणि त्याच सुमारास बैलांची चित्रे कोरलेल्या सुमारे तीस शिळा निघाल्या, त्यांपैकी सहाच आज शिल्लक आहेत. कालगणना बदलली तरी या गावाने जुने वर्ष सोडले नाही. जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीस, म्हणजे ११ जानेवारीच्या रात्री, डांबराचे पेटते पिंप गावातून मिरवून दुर्गाच्या टेकाडावर जाळण्याची चाल तेथे अद्याप चालू आहे.

होपमन गावापुढे सोनेरी वालुकाश्माचे कडे सुरू होतात. क्लॅशाक येथील खाणीत अडीचशे दशलक्ष वर्षांपूर्वीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पावले दगडावर उमटलेली सापडली, आणि १८४३ साली उघडलेल्या एल्गिनच्या संग्रहालयात अशा प्राण्यांचे जीवाश्म पाहावयास मिळतात. तेव्हाही ही भूमी वाळूचे रणच होती, हे लक्षात आले म्हणजे किनेर्डच्या अर्जाकडे पाहण्याची दृष्टी काहीशी बदलते. पुढे कोव्हसी येथे १८४६ सालचे दीपगृह आहे. ते बांधणारा अॅलन स्टीव्हन्सन हा कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा चुलता. त्याच भागात कड्याच्या पायथ्याशी पिक्टिश चिन्हे कोरलेली गुहा आहे, परंतु तेथे ओहोटीतच जाता येते. भरतीचे वेळापत्रक न पाहता उतरणाऱ्यावर कड्याखाली अडकून पडण्याची वेळ येते.

लॉसीमथ हे मासेमारीचे गाव मराठी माणसाने चुकवू नये. १८६६ साली येथील एका लहानशा घरात रॅम्से मॅकडोनल्ड जन्मले; ते पुढे ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले, गोलमेज परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले आणि ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाडा त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. त्या निवाड्यावरून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण झाले, आणि २४ सप्टेंबर रोजी डॉ. आंबेडकरांनी पुणे करारावर सही केली. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून ज्या माणसाला त्याच्याच गावच्या गोल्फ क्लबाने १९१६ साली सभासदत्वावरून काढून टाकले, त्याच्या निर्णयाने सोळा वर्षांनी पुण्यात इतिहास घडावा, हा योग त्या लहान गावच्या धक्क्यावर उभे राहून मनात घोळवण्याजोगा आहे.

विश्रांतीचा दिवस पश्चिमेकडे द्यावा. फॉरेसच्या वेशीवर साडेसहा मीटर उंचीची स्वेनोची शिळा काचेच्या घरात उभी आहे. तिच्यावर युद्धाचे दृश्य आणि शिरच्छेद केलेल्या सैनिकांच्या रांगा कोरल्या आहेत. याच फॉरेसच्या वाटेवर शेक्सपीअरने मॅक्बेथला चेटकिणी भेटविल्या. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ वाचलेल्यांना या माळाची ओळख आधीच असते. तेथून आगगाडीने नेर्नला जावे. १५ एप्रिल १७४६च्या रात्री या गावाजवळ इंग्रज सेनापती कंबरलंडचा तळ पडला होता आणि त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. फौज मद्यात गुंग असेल या हिशेबाने, पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी बंड करून उठलेले जॅकोबाइट सैन्य अंधारातून छापा घालण्यास निघाले. परंतु दलदल, खडबडीत वाट आणि तुकड्यांतील ताटातूट यांत रात्र सरली, तळ गाठण्यापूर्वीच फटफटले, आणि उपाशी, झोपेने पेंगलेले लोक परत फिरले. दुसऱ्या दिवशी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत त्यांचा निकाल लागला. या बंडाच्या बंदोबस्तात सरकारला आपल्याजवळ डोंगराळ प्रदेशाचे धड नकाशे नाहीत हे उमगले, आणि १७४७ पासून विल्यम रॉय याने स्कॉटलंडची लष्करी मोजणी केली. ब्रिटनच्या नकाशाखात्याची ती पूर्वपीठिका होय. नकाशावाचनाच्या स्पर्धेस आलेल्या प्रवाशाला यापेक्षा समर्पक तीर्थस्थान दुसरे मिळणार नाही.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. इन्व्हर्नेस ते अॅबर्डीन या लोहमार्गावर नेर्न, फॉरेस आणि एल्गिन ही स्थानके लागतात, त्यामुळे मोटार नसली तरी मुक्काम एके ठिकाणी ठेवून हिंडता येते; रानातल्या शर्यतीच्या जागी मात्र वाहनाची तजवीज आधी करावी. नवशिक्याने अभिमान बाजूस ठेवून सोपा मार्ग निवडावा. पायघोळ विजार, शिटी आणि होकायंत्र जवळ असावे. झुडपांतून धावल्यावर अंगावर गोचीड आहे काय, हे त्याच संध्याकाळी तपासावे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्यास बहुतेक जमिनीवर चालण्याची मुभा आहे. म्हणून कुंपणाचे फाटक उघडले तर लावून घेणे, हे आपले कर्तव्य ठरते. वाटेच्या शेवटी कलनला पोहोचाल, तेव्हा तेथील धुरवलेल्या हॅडॉक माशाचे, बटाटा-कांदा आणि दूध घालून केलेले सूप अवश्य घ्या. मासे आणि दूध हा आपल्या वैद्यांच्या मते विरुद्धाहार खरा, परंतु वाऱ्यात वीस किलोमीटर चालून आलेला मनुष्य त्या प्रसंगी शास्त्रार्थ करीत नाही.

आपल्याकडे गडवाटा तुडवणाऱ्या तरुणांना पायांची तयारी नव्याने करावी लागणार नाही; वाटाड्याच्या पाठोपाठ न जाता स्वतः नकाशा वाचण्याची सवय तेवढी लावावी, आणि ती घरच्या टेकडीवर दोन-चार रविवारांत लागू शकते. शर्यत संपल्यावर नकाशा स्पर्धकापाशीच राहतो. त्याच संध्याकाळी पेन्सिल घेऊन, आपण जाणार होतो ती नव्हे, तर प्रत्यक्ष गेलो ती वाट, चुकांसकट, त्यावर प्रामाणिकपणे आखावी आणि कागद जपून ठेवावा. किनेर्डच्या शेतांवरून आपण नेमके कोठून धावलो, याचा तेवढाच पुरावा आपल्या दप्तरी राहतो.