कोण बोलतंय रे?

रविवारी रात्री नऊला आम्हा भावंडांचा कॉल असतो. मी गुजरातमध्ये कोयलीत, दादा सोलापूरला, धाकटा नाशिकला, अक्का ठाण्याला. दादाचा आणि धाकट्याचा आवाज इतका सारखा, की अक्का दर दोन वाक्यांनी विचारते, "कोण बोलतंय रे?" दोघेही म्हणतात, "मी!"

गावच्या ओसरीवर हा प्रश्न कधी पडला नाही. दादा खांबाला टेकलेला, धाकटा पायरीवर. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि जरा मोठा पोचतो. वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मेंदूला तेवढा पुरतो. १९५३मध्ये संशोधक कॉलिन चेरी यांनी दोन बोलणी लोकांना ऐकवली. दोन्ही कानांत एकत्र आली, तेव्हा ती सोडवताना दमछाक झाली. एकेका कानात वेगळी दिली, तेव्हा हवं ते सहज कळलं. साध्या फोनवर मात्र सगळे एकाच भोकातून बोलतात.

कोयलीची रिफायनरी १९६५मध्ये सोव्हिएत मदतीने सुरू झाली. तिथे मी फील्ड ऑपरेटर होतो; कामही दोन्ही कानांचंच. जास्त दाबाची वाफ गळते तिथे डोळ्यांना दिसत नाही. आवाज ऐकायचा, मान वळवायची, पुन्हा ऐकायचा. मान स्थिर ठेवली तर आवाज पुढचा की मागचा, यात कान फसतात.

'स्पेशियल ऑडिओ' हाच हिशेब उलटा मांडतो: दोन्ही कानांतल्या आवाजात फरक घालून प्रत्येकाला जागा देतो. फेसटाइममध्ये ही सोय २०२१मध्ये आली; जून २०२४मध्ये नोकियाच्या प्रमुखांनी फोनवरच्या आवाजाच्या तेव्हा नव्या 'आयव्हास' मानकावर असा कॉल करून दाखवला.

मुलीने मला तशी सोय लावून दिली. दादा डावीकडे, धाकटा उजवीकडे, मध्ये अक्का. ओसरीच! तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी एक इयरफोन काढला, आणि सगळे पुन्हा एका भोकात.

म्हणून माझ्या वयाच्या माणसाचं मागणं साधं आहे. कोणाला कुठे बसवायचं ते बोटाने ठरवता यावं; कोणी मध्येच उठून गेलं तरी बाकीच्यांच्या जागा हलू नयेत; आणि मान वळवली तर माणूस होता तिथेच राहावा.

"कोण बोलतंय रे?" अक्काने विचारलं. तिने इयरफोन लावले नव्हते.

"डावीकडचा," मी म्हणालो.

"कोणाच्या डावीकडचा?"