‘लुक फॉरवर्ड टू’नंतर क्रियापदाचे कोणते रूप?

इंग्रजी पत्राच्या किंवा ईमेलच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असे वाक्य वारंवार लिहिले जाते; परंतु प्रमाण इंग्रजीत ते ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे असावे लागते.

याचे कारण ‘टू’ या शब्दाच्या दुहेरी भूमिकेत आहे. ‘आय वाँट टू मीट यू’ या वाक्यात तो क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा घटक असतो, तर ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये तो प्रिपोझिशन, म्हणजे नामाचा वाक्याशी संबंध जोडणारा शब्द असतो, आणि म्हणून त्यानंतर नाम किंवा ‘-इंग’ लागून झालेले धातुसाधित नाम येते.

मराठीतही ‘भेट’ या धातूला थेट ‘साठी’ न जोडता ‘भेटणे’ हे धातुसाधित नाम घेऊन ‘भेटण्यासाठी’ असे म्हटले जाते, त्यामुळे हा नियम मराठी भाषकाला परका वाटू नये.

शंका आल्यास ‘टू’नंतर एखादे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य बरोबर ठरते, म्हणून क्रियापद आल्यास तेथे ‘हिअरिंग फ्रॉम यू’ असेच लिहावे.

‘आय लुक फॉरवर्ड’ ही रचना अधिक औपचारिक, तर ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ ही अधिक जिव्हाळ्याची मानली जाते. मात्र दोहोंची सरमिसळ करून ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’ लिहिणे चूक आहे.

‘ऑब्जेक्ट टू’ आणि सवय झाल्याच्या अर्थाचे ‘बी यूज्ड टू’ यांनाही हाच नियम लागू होतो. अशा इतर रचनांविषयी वाचकांनी प्रश्न अवश्य विचारावेत.