सिमेंट-सळईचा व्यापार : समज आणि वस्तुस्थिती

घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थाच्या, आणि पुष्कळदा या धंद्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणाच्याही मनात अशी समजूत दृढ असते की, सिमेंट काही भाजीपाल्याप्रमाणे नासत नाही, तेव्हा गोदाम एकदा काठोकाठ भरले म्हणजे दुकानदाराची विवंचना मिटली. वस्तुस्थिती अगदी विपरीत आहे. सिमेंट हा हवेतील आर्द्रता शोषून प्रत्यही क्षीण होत जाणारा जिन्नस असून, तीन महिने पडून राहिलेली गोणी आपल्या बळाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावते, असा स्थापत्यशास्त्रातील रूढ अदमास आहे. कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर ही झीज अधिकच त्वरेने होते. याकरिता जाणता दुकानदार गोण्या लाकडी फळ्यांवर रचतो, भिंतीपासून फूटभर अंतर राखतो, थप्पी दहा गोण्यांहून उंच चढू देत नाही आणि गोणीवर छापलेला भरणीचा आठवडा व वर्ष पाहून जुना माल आधी रवाना करतो. हमाल मात्र दाराजवळची, म्हणजे बहुधा कालच उतरलेली गोणी प्रथम उचलतो. त्यामुळे मागची रांग तशीच राहते, आणि दिवाळीच्या सुमारास ती हलवावी तो चिमटीत न फुटणारे खडे हाताला लागतात. गोणीमागे सुटणारा नफा आधीच बेताचा. अशा एका रांगेपायी तो कित्येक गाड्यांचा जातो.

दुसरा समज आकड्यांचा. 43 पेक्षा 53 मोठा, तेव्हा 53 ग्रेडचे सिमेंट सर्व कामांना श्रेष्ठ, असे मानून गिऱ्हाईक गिलाव्यासाठीही तेच मागते. वास्तविक हा आकडा प्रमाणित ठोकळ्याने 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसला पाहिजे, एवढेच सांगतो. इमारतीच्या आयुष्याची तो हमी नव्हे. राखमिश्रित पोझोलाना सिमेंट सावकाश बळ धरते, परंतु त्यातून उष्णता कमी निघते, आणि गिलाव्याला व घरगुती बांधकामाला ते उत्तम मानवते, अर्थात पाणी मारण्यात हयगय न झाल्यास. हे गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगणे हा मला दुकानदाराच्या कर्तव्याचाच भाग वाटतो, जरी त्यापायी एखादी महाग गोणी कमी खपली तरी.

सळईच्या वजनावरून होणारे कज्जेही बहुधा अज्ञानमूलक असतात. व्यासाच्या वर्गाला 162 ने भागले की मीटरमागे किलोग्रॅम मिळतात. त्या हिशेबाने 12 मिलिमीटर जाडीची, 12 मीटर लांबीची सळई सुमारे 10.66 किलो भरावी. या जाडीला भारतीय मानकाने शेकडा पाच कमी-अधिक वजनाची मुभा दिलेली आहे. तेव्हा सळई थोडी हलकी भरली की दुकानदार लबाड, हा निष्कर्ष उतावळेपणाचा होय. मात्र जो दुकानदार कारखान्याकडून वजनावर घेतो आणि नगावर विकतो, त्याने प्रत्येक खेपेची वजनपावती जपून ठेवून खरेदीचा मेळ घालावा, अन्यथा नफा कोठे वाढला वा कोठे झिरपला हे त्याचे त्यालाही कळणार नाही.

परंतु सर्वांत घातक समज उधारीचा आहे. ठेकेदार मोठा, माल रोज उचलतो, तेव्हा धंदा भरभराटीला आला, असे खतावणी पाहून वाटते. मात्र पुरवठादार कंपनी पैसे वेळेवर मागते आणि ठेकेदाराचे बिल स्लॅब पडल्यावर, म्हणजे घरमालकाचा हप्ता आल्यावर चुकते होते. मधल्या काळाचे व्याज दुकानदाराच्या माथी. शिवाय येणे कायम येणेच राहते, हेही खरे नाही. 1963 च्या मुदत कायद्यान्वये विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, आणि ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून येणे लेखी कबूल केले, तर तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून दर मार्चअखेर खात्याचा उतारा ठेकेदारापुढे ठेवून ‘बाकी मान्य’ असे लिहून त्यावर त्याची सही व तारीख घ्यावी. संकोचापायी हे टाळणाऱ्या दुकानदाराला पुढे तगाद्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.