हिरड्याच्या मुलखातला खिळा

बाळहिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की पाणी काळंभोर होतं. वाळलेल्या हिरड्यात साधारण ३० टक्के टॅनिन असतं, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. दोघं एकत्र आली आणि हवेतला प्राणवायू लागला की निळसर काळा, पक्का रंग तयार होतो. शाई शतकानुशतकं अशीच बनत आली. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं हाच बाळहिरडा रानातून वेचून, वाळवून विकतात.

त्याच पट्ट्यात, भंडारदऱ्याकडे कुणी ऐनाच्या फळ्यांची भिंत उभारली आणि तिला साधे काळे खिळे ठोकले, तर ही शाई भिंतीवर आपोआप बनते. ऐन आणि हिरडा एकाच टर्मिनॅलिया प्रजातीतले, दोन्ही टॅनिनयुक्त. पावसाचं पाणी खिळ्याच्या टोपीपाशी मुरतं, लोखंड विरघळतं आणि काळी रेघ खाली ओघळते. घाटघर-रतनवाडीकडे एखाद्या वर्षी ५,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तिथे हे व्हायला एक पावसाळा पुरे.

जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, खांब-तुळयांना खाच आणि कुसू. लोखंड लागायचं तेच मुळी थोडं.

डाग दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. खरं नुकसान आत होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो भोवतीचे लाकडाचे तंतू रेटतो. शिवाय लोखंडाचे क्षार त्या तंतूंना कमजोर करतात. भोक सैल होतं, त्यातून आणखी पाणी शिरतं.

जस्ताचा मुलामा यासाठीच असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. मुलाम्यावर बारीक ओरखडा पडला तरी ते लोखंडाला सांभाळतं. पण दुकानातले सगळे चकचकीत ‘जीआय’ खिळे सारखे नसतात. विजेच्या प्रक्रियेने चढवलेला थर बहुधा ५ ते १० मायक्रॉनचा असतो. वितळलेल्या, सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खिळ्यावर तो कितीतरी जाड बसतो. असा खिळा थोडा खडबडीत आणि मळकट राखाडी दिसतो. घ्यायचा तो हाच. ऐनासारख्या लाकडाला मात्र मी स्टेनलेस स्टीलच सुचवेन, कारण टॅनिनचं आम्ल हळूहळू जस्तही खातं. खिळे महाग पडतात हे खरं, पण भिंतीच्या एकूण खर्चात खिळ्यांचा वाटा असतो केवढा?

आता ठोकण्याविषयी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सहा इंच रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळा यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर सहज फुगते-आकसते. दोन्ही कडांना खिळे मारून तिला जखडलं, तर ती मधोमध तडकते. आडव्या फळ्या एकीवर एक चढवून लावताना खालच्या फळीची वरची कड वरच्या फळीआड इंचभर दडते. खिळा त्या दडलेल्या कडेच्या किंचित वर, फक्त वरच्या फळीतून जायला हवा. दोन्ही फळ्या एकाच खिळ्यात ओवण्याची चूक फार सर्रास होते.

फळी ओलांडून खिळा मागच्या भरीव लाकडात किमान सव्वा ते दीड इंच जावा. अंगावर कडी असलेला खिळा गुळगुळीत खिळ्यापेक्षा घट्ट धरतो, कारण दाबलेले तंतू त्या कड्यांत अडकतात. टोपी फळीच्या पृष्ठभागाला टेकली की हातोडा थांबवावा. आत रुतवली तर तिथे पाण्याची वाटी होते. फळीच्या टोकाजवळ आधी गिरमिटाने, खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडावं.

ओल्या लाकडात मारलेला खिळा लाकूड वाळताना बरीच पकड गमावतो. म्हणून फळ्या छपराखाली, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळती राहील अशा रचाव्यात आणि नीट वाळल्यावर उन्हाळ्यातच लावाव्यात. काळे डाग आधीच पडले असतील, तर ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण ते काढतं. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच लावावं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावं. मात्र खिळे तेच राहिले, तर पुढच्या आषाढात रेघा पुन्हा उमटतील.