घरची गोष्ट चव्हाट्यावर नेण्याआधी

मोठ्या शहरात एखाद्या मुलाचे नुसते नाव कळले म्हणून त्याचे घर सापडत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात ते सापडते. वारासिवनी, लांजी, कटंगी अशा गावांत तर नावाचीही गरज नाही. आडनाव, शाळेचा गणवेश आणि फोटोत मागे दिसणारे दुकान एवढे पुरते. आडनावावरून समाज, समाजावरून सोयरे आणि सोयऱ्यांवरून घर, ही साखळी इथला माणूस दोन फोन करून जोडतो. २०११च्या जनगणनेत सुमारे १७ लाख वस्ती असलेला हा जिल्हा, हद्दीला लागून गोंदिया आणि भंडारा, आणि सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे घरच्या माणसांबद्दल इंटरनेटवर लिहिणाऱ्याला पत्ता आणि फोन नंबर देऊ नका, हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडतो. धोका एकट्या तपशिलात क्वचितच असतो. नाव, जागा आणि वेळ एकत्र आले की तो तयार होतो. लहान गावात जागा सर्वांना आधीच ठाऊक असते. म्हणून उरलेले दोन धागे सांभाळणे हे लिहिणाऱ्याचे, म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांचेच, काम ठरते.

हे धागे नकळत कसे जुळतात ते पाहण्यासारखे आहे. वाढदिवसाच्या फोटोतून जन्मतारीख कळते, बक्षीस समारंभाच्या फोटोतून शाळा आणि इयत्ता, आणि प्रवासाला निघाल्याच्या आनंदाच्या ओळीतून घर किती दिवस बंद राहणार हे. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये वेळ असते आणि सेटिंग चालू असल्यास ठिकाणही. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ही माहिती गळून पडते, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सोबत जाते. कागदपत्रांचे फोटो आणखी नाजूक असतात. मध्य प्रदेशात समग्र आयडीचा कुटुंबासाठी ८ अंकी आणि प्रत्येक सदस्यासाठी ९ अंकी क्रमांक असतो. तो दिसणारा एक कागद अख्खे कुटुंब एका धाग्यात ओवून देतो. लाडली लक्ष्मी योजनेचे प्रमाणपत्र किंवा रोल नंबरसह टाकलेली दहावीची गुणपत्रिका कौतुकानेच टाकली जाते. पण ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले आहे’ असा खोटा फोन करणाऱ्याला हवे असते तेही नेमके हेच: मुलाचे नाव, शाळा आणि घरात त्याला काय म्हणतात ते. त्याच्या खोटेपणाला खरेपणाचा मुलामा आपणच चढवून दिलेला असतो.

खासगीपणा हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे घराची दारे उघडीच असतात, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास आठवावा. पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन पाळत ठेवण्याला आव्हान देणारा ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निकालात काढला. पोलिसांचे नियम न्यायालयाने रद्द केले नाहीत. पण घर, कुटुंब, विवाह, मातृत्व आणि मुलांचे संगोपन यांतील जवळीक खासगीपणाच्या कक्षेत येते, हा विचार त्या निकालात स्पष्ट मांडला गेला. १९९४च्या राजगोपाल खटल्यात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: नागरिकाच्या कुटुंबाविषयीचा मजकूर त्याच्या संमतीशिवाय छापता येत नाही, मग तो खरा असो की खोटा, स्तुतीचा असो की टीकेचा; मात्र सार्वजनिक नोंदींतील माहिती आणि सार्वजनिक पदावरील वर्तन यांचा अपवाद ठेवला गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले अभय मनोहर सप्रेही होते. हा हक्क बाहेरून आलेला नाही. त्याच्या घडणीत आपल्या मुलखाचाही वाटा आहे.

मग कायदा आहे, आपण कशाला काळजी करायची? कारण इथेच एक मोठी पोकळी आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरणाऱ्या कंपन्यांना पालकांची पडताळलेली संमती घ्यायला लावतो आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई करतो. मात्र व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या बाहेर ठेवला आहे. ज्याची माहिती आहे त्यानेच ती जाहीर केली तर तीही बाहेर. आणि ती व्यक्ती अज्ञान मूल असेल तर तिच्या व्याख्येत आईवडीलही धरले आहेत. म्हणजे मुलाच्या वतीने दार लावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, दार उघडण्याचाही अधिकार त्यांच्याच हाती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्राच्या हक्काचे रक्षण ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरवली आणि मुलाचे वय व समज पाहून त्याला त्यात सामील करून घ्यायला सांगितले. आपल्याकडे ही मर्यादा घरानेच घालून घ्यावी लागेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लहान गावात सगळ्यांना सगळे माहीत असतेच, मग लपवायचे काय? पण गावाला असलेली माहिती आणि इंटरनेटवरची माहिती यांत मूलभूत फरक आहे. शेजाऱ्याला आपले घर माहीत असते तसे आपल्यालाही त्याचे घर माहीत असते. हे ज्ञान दोन्ही बाजूंचे असते आणि त्याला लाजेचा आणि नात्याचा लगाम असतो. गाव विसरतेही. मुलाच्या लहानपणीची फजिती दहा वर्षांनी कोणाला आठवत नाही. इंटरनेटवर पाहणारा अनोळखी असतो, त्याला लगाम नसतो आणि तिथला मजकूर मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही जागेवर असतो. दुसरा आक्षेप: आम्ही फक्त आपल्या माणसांना दाखवतो. नागपूर-पुण्याच्या आजी-आजोबांना नातवाचा फोटो जरूर पाठवावा, पण थेट त्यांनाच. दोनशे जणांच्या समाजाच्या ग्रुपला आपली माणसे म्हणणे ही भाबडी समजूत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की मुलांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांश वेळा ओळखीचाच असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अशा धाकाने घरातले लिहिणेच थांबले तर मराठीतले आत्मकथन उरेल का? रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरातूनच उगवली, आणि मराठी त्यामुळे श्रीमंत झाली. पण रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले आणि रमाबाईंचे पुस्तक १९१० साली आले. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३०च्या दशकात. मधल्या वर्षांनी आठवणीला विचाराची जोड दिली. शिवाय त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी स्वतः लिहिणारी आणि तिचा संसार होता, नाही म्हणता न येणारे तीन वर्षांचे मूल नव्हे. अंतर राखून लिहिणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. आणि जिथे घरात मारहाण होते तिथे ‘घरचे घरातच राहू द्या’ हा सल्ला गुन्हेगाराचा कैवार घेतो. खासगीपणा अत्याचारावर पांघरूण घालण्यासाठी नाही, याची जाणीव पुट्टस्वामी निकालातही ठेवली आहे. अत्याचार सोसणाऱ्या बाईने स्वतःची हकिगत सांगणे हा तिचा हक्क आहे. मुलांची ओळख मात्र तिथेही झाकली पाहिजे.

म्हणून नियम साधा ठेवावा. नाव, जागा आणि वेळ यांपैकी दोन गोष्टी एकत्र कधी देऊ नयेत. प्रवासाबद्दल परत आल्यावर लिहावे. मुलाचे खरे नाव, गणवेश आणि शाळेचा फलक टाळावा. अंघोळीचे, आजारपणाचे आणि रडण्याचे फोटो कोणत्याही सबबीखाली टाकू नयेत. कागदपत्रांचे फोटो टाकूच नयेत. आधार द्यावेच लागले तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. फसवणूक झालीच तर लाजेपायी वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. मूल संकटात असेल तर १०९८ वर. आणि मूल आठ-दहा वर्षांचे झाले, की त्याच्याबद्दल काहीही टाकण्याआधी त्याला विचारावे. ते नाही म्हणाले तर ते नाही मानावे. घराबाहेर कोणी अंगाला हात लावू पाहिला तर ठामपणे नाही म्हण, असे आपण मुलांना शिकवतो. त्या नाहीला किंमत असते, हे मुलाला पहिल्यांदा घरातच कळले पाहिजे.