ओलिओग्राफ

ओलिओग्राफ : कॅनव्हासवरील तैलचित्राचा भास व्हावा अशा रीतीने छापलेले रंगीत शिलामुद्रित चित्र. तेलकट शाई, छपाईनंतर चढविलेले रोगण आणि कागदावर दाबून उठविलेला कापडाच्या विणीचा पोत ही त्याची प्रमुख लक्षणे होत. सर्वच रंगीत शिलामुद्रिते ओलिओग्राफ नसतात. तथापि भारतात हा शब्द सैलपणे रूढ झाला आणि राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांना, त्यांवर विणीचा पोत असो वा नसो, सरसकट हेच नाव मिळाले.

शिलामुद्रणाचा शोध आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास बव्हेरियात लावला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गोष्टीवर ही पद्धत आधारलेली आहे. घोटून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने चित्र काढतात. रासायनिक प्रक्रियेने ते पक्के केल्यावर शिळा पाण्याने ओली करतात. रेखाटलेला भाग पाणी झिडकारतो व छपाईची शाई धरतो. उरलेला ओला भाग शाई घेत नाही. फ्रान्समधील गॉडफ्रॉय एंगलमन यांनी १८३७ मध्ये या पद्धतीने रंगीत छपाई करण्याचे एकस्व घेतले. तीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. मूळ चित्रातील रंगांचे मनाने पृथक्करण करून कोणत्या शिळेवर कोठे दाट व कोठे विरळ ठिपके द्यावयाचे, हे कारागीर ठरवितो आणि सारे चित्र उलटे रेखाटतो. एकाच कागदावर या शिळांचे छाप एकामागून एक उमटवितात. हवेतील ओलाव्याने कागद किंचित जरी ताणला गेला, तरी रंग आपली जागा सोडतात व आकृतीच्या कडेला दुसरी कड दिसू लागते. अशा रीतीने ओलिओग्राफ हे मूळ चित्राचे यांत्रिक प्रतिबिंब नसून दुसऱ्या हाताने केलेले त्याचे भाषांतर असते. त्या हाताचे नाव बहुधा चित्राखाली नसते.

भारतात देवादिकांची चित्रे सामान्य घरांत पोहोचविण्याचे काम पूर्वी हाताने रंगविलेल्या पटांनी व लाकडी ठशांनी केले होते. कलकत्त्याचे कालीघाट पट हे त्याचे सुपरिचित उदाहरण. १८७८ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची व त्यांचे सहकारी यांनी ‘कलकत्ता आर्ट स्टुडिओ’ काढला, तर पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली. चित्रशाळेने देवतांच्या चित्रांबरोबरच मराठ्यांच्या इतिहासातील व्यक्तींची चित्रेही छापली. निबंधमालेतून जो स्वाभिमान जागविला जात होता, तोच येथे निरक्षर माणसालाही उमगेल अशा रूपात भिंतीवर आला.

राजा रविवर्मा (२९ एप्रिल १८४८–२ ऑक्टोबर १९०६) यांच्या चित्रांना मागणी इतकी वाढली होती, की एकट्या चित्रकाराच्या हाताने ती पुरी होणे शक्य नव्हते. निवडक चित्रे यूरोपला पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करवून घ्यावेत, असे सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचविले होते. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे बडोद्यात व मुंबईत प्रदर्शित झाली, तेव्हा ती पाहण्यास मोठी गर्दी लोटली. ही चित्रे राजवाड्यात जाणार होती. गर्दीतील माणसाच्या हाती त्यांतले काहीच पडणार नव्हते. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी धाकटे बंधू सी. राजराजा वर्मा यांच्या साहाय्याने मुंबईत स्वतःचा छापखाना घातला. यंत्रे जर्मनीतून आली. तंत्रज्ञही जर्मन होते. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथील पहिले मुद्रित मानले जाते. प्लेगची साथ व आर्थिक ओढाताण यांमुळे १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यात आला. व्यवहार मात्र भावंडांना झेपला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकला. त्यानंतरही रविवर्मा यांच्या नावाने छपाई चालूच राहिली. म्हणून ‘रविवर्मा प्रेस’ हा शिक्का म्हणजे रविवर्मा यांच्या देखरेखीची हमी नव्हे, हे संग्राहकाने ध्यानात ठेवावयास हवे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती ही चित्रे देशभर पसरली. लोकांनी ती केवळ टांगली नाहीत. कोणी देवघरात पूजली, तर कोणी देवतेच्या छापील साडीवर खऱ्या कापडाचे तुकडे, जरी व टिकल्या चिकटविल्या. चित्र आपलेसे करण्याची ही रीत कलासमीक्षेला अवघड जाते, पण रसग्रहणाचाच तो एक प्रकार आहे. यात सामाजिक आशयही होता. ज्या त्रावणकोरचे रविवर्मा, तेथील मंदिरे अस्पृश्य मानलेल्या जातींना १९३६ च्या घोषणेपर्यंत बंद होती. गाभाऱ्यातील मूर्तीचे दर्शन ज्यांना नाकारलेले होते, त्यांना छापील देव मात्र विकत घेता येत होता.

ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांनी रविवर्मा यांच्या कलेवर कठोर टीका केली. पुराणकथा नाटकी बनल्या, देवता म्हणजे नटविलेल्या मानवी स्त्रिया झाल्या आणि पाश्चात्त्य वास्तवशैलीने भारतीय परंपरेचा घात केला, असा तिचा आशय. नाटकीपणाचा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु मूळ तैलचित्रांतील वस्त्रांचा पोत व त्वचेवरील प्रकाश ओलिओग्राफात कोमेजतो. त्यावरून चित्रकाराची योग्यता ठरविणे अन्यायाचे होते. याउलट, मूळ चित्राशी तुलना करून मुद्रिताला केवळ उणे ठरविणेही चूकच. सपाट, गडद व ठळक रंगयोजना ही त्याची स्वतःची भाषा आहे आणि देवघराच्या अंधुक उजेडात ती चांगली बोलते.

जुने मुद्रित भिंगातून पाहिल्यास हाताने दिलेले लहानमोठे, अनियमित ठिपके दिसतात. नंतरच्या हाफटोन छपाईत ते जाळीप्रमाणे ठराविक रांगांत असतात. पुनर्मुद्रण ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय. कडा छाटलेल्या प्रतीत प्रकाशकाचे नाव नाहीसे झालेले असते. विसाव्या शतकात तीनरंगी ठसे व पुढे ऑफसेट छपाई यांनी शिळेची जागा घेतली आणि देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांवर व जाहिरातींवर आली. एस. एम. पंडित आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांतून हीच परंपरा पुढे चालली. मुळगावकरांची चित्रे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे मराठी घरांत विशेष परिचित झाली. कृष्णा रेड्डी, ज्योती भट्ट आदी आधुनिक मुद्राचित्रकारांची वाट वेगळी आहे. त्यांच्या चित्रांना तैलचित्राचे मूळ नसते. ठसा हेच मूळ असते व प्रती मर्यादित संख्येत, चित्रकाराच्या स्वाक्षरीने निघतात. ओलिओग्राफाला असा क्रमांक नसतो, कारण शक्य तितक्या घरांत जाणे हाच त्याचा हेतू होता.

रविवर्मा यांची मूळ चित्रे १९७९ मध्ये राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाली. मळवलीच्या छापखान्याला मात्र १९७२ मध्ये आग लागली होती आणि तीत पुष्कळ शिळा नष्ट झाल्या. आज उरलेल्या प्रती मुख्यतः खाजगी घरांतून व संग्रहांतून सापडतात. त्यांवरील रोगण पिवळे पडलेले असते आणि मागचा निकृष्ट पुठ्ठा कागदाला तपकिरी डाग पाडतो. अशी प्रत काचेला थेट चिकटू देऊ नये, ओल असलेल्या भिंतीवर वा उन्हात टांगू नये आणि भक्ताने लावलेल्या जरी-टिकल्या स्वच्छतेच्या नावाखाली काढून टाकू नयेत.